फेडररची रॅकेट फेडररलाच राहू द्या!

वर्ध्याला गेलो की मित्राचा प्रश्न ठरलेला: "पहिली रॅकेट फेडररवालीच घेऊ ना?" नको रे बाबा! ९० चौरस इंचांचं ते हेड खुद्द फेडररनेही सोडलं, २०१४ मध्ये ९७ चं घेतलं. नवशिक्याचा चेंडू मधोमध लागतच नाही. त्याला १०० ते १०५ चं हेड, २६०-२८० ग्रॅम वजन आणि मऊ गटिंग हवं. जड रॅकेट, त्यात कडक पॉलिएस्टर गटिंग, म्हणजे कोपर धरणार आणि महिन्याभरात रॅकेट माळ्यावर!

सेवाग्रामच्या नई तालीममध्ये पोरं आधी टकळीवर सूत कातायला शिकायची, चरखा नंतर. आपल्याला मात्र पहिल्याच दिवशी चरखा हवा, तोही चॅम्पियनचा! असो. उरलेल्या पैशांचे चेंडू घ्या आणि खेळा.