‘देवकृपेने नास्तिक’

गेल्या सुट्टीत महाडच्या अलीकडे मुंबई-गोवा महामार्गावर आमची गाडी एका टेम्पोमागे अडकली. हौद्याच्या फाळक्यावर लाल रेडियमची अक्षरं होती: ‘देवकृपेने नास्तिक’. ‘ने’ची मात्रा उन्हानं सुटून लोंबत होती. मी फोटो काढला. सौदीतल्या जुबैलला परतल्यावर तो आमच्या कामगार कॅम्पात दाखवला, आणि त्यावरून पेटलेला वाद तीन शुक्रवार झाले तरी विझलेला नाही.

वाद घालणाऱ्या गृहस्थांचं नाव सांगत नाही. वयानं मोठे आहेत, आम्ही सगळे त्यांना काका म्हणतो. कुणाला ताप आला तर पहिली पेज त्यांच्याच कुकरात शिजते. पण त्यांचं म्हणणं मला बोचतं. म्हणणं असं: नास्तिक असा जगात कुणी नसतोच, असतो तो देवावर रुसलेला आस्तिक. टेम्पोवाल्यानं तेच लिहिलंय. नास्तिक व्हायलासुद्धा देवाची कृपा लागते, म्हणजे ‘नाही’ म्हणणाऱ्याच्या जिभेवरही देवच. विषय संपला. वर मलाच सवाल: “टेम्पोच्या पुढे लिंबू-मिरची होती का, बघितलंस?” नव्हतं बघितलं. बघायला हवं होतं, हे मान्य.

पण जिभेवर देव म्हणजे मनात देव, हा हिशोब मला मान्य नाही. आमचं जुबैलच बघा. १९७५ साली सौदी सरकारचं रॉयल कमिशन स्थापन झालं आणि मासेमारीच्या या गावाला लागून कारखान्यांचं शहर उभं राहू लागलं. तेव्हापासून इथं चिपळूणचा फिटर, केरळचा वेल्डर, नेपाळी हेल्पर, फिलिपिनो रिगर एकाच पाइपखाली उभे राहतात आणि मोडक्यातोडक्या एकाच बोलीत बोलतात. “स्कॅफोल्ड कधी मिळणार?” “बुकरा, इन्शाल्ला.” म्हणजे उद्या, अल्लाची इच्छा असेल तर. हे उत्तर देणारा मालवणचा पोरगा वर्षाची रजा आंगणेवाडीच्या जत्रेला जुळवून घेतो. काकांच्या हिशोबानं त्याचा धर्म एव्हाना बदलला असायला हवा! आणि खुद्द काका? घरी पैसे पाठवले की काकूंना फोनवर सांगतात, “परवापर्यंत जमा होतील, इन्शाल्ला.” त्यांच्या मनाचा निकाल मी त्या शब्दावरून लावत नाही. मग टेम्पोवाल्याच्या मनाचा निकाल त्यांनी ‘देवकृपेने’वरून का लावावा?

दम्मामच्या रस्त्यावर ट्रेलरच्या पाठीवर ‘माशाअल्ला, तबारकल्ला’ लिहिलेलं असतं. चांगल्या वस्तूला नजर लागू नये म्हणून. ट्रेलर चालवणारा कधी पंजाबचा शीख असतो, कधी आपल्या सांगलीचा. त्याला त्या अक्षरांबद्दल काय वाटतं, हे अक्षरं सांगत नाहीत. त्यासाठी त्यालाच विचारावं लागतं.

एक गोष्ट तर डोळ्यांदेखत घडलेली आहे. प्लांटच्या मागच्या शटडाऊनमध्ये पाइपांच्या फ्लॅंज जुळवताना एका फिटरचं बोट दोन तोंडांच्या मध्ये सापडलं. हातमोजा फाटला, नख काळंनिळं झालं आणि तो ओरडला, “आई गं!” त्याची आई जाऊन वीस वर्षं झालीत. त्या हाकेवरून आई प्लांटमध्ये आहे असं कुणी समजलं नाही. तिच्या मांडीवर तो बोलायला शिकला, म्हणून वेदनेत तोंडी आली ती तिची हाक. ‘देव जाणे’, ‘दैव बलवत्तर’, ‘रामराम’ हे शब्दही असेच आपल्याला पाळण्यात मिळाले. ते नास्तिकानं परत करावेत, म्हणजे त्यानं मराठीच सोडावी, असं काकांना म्हणायचंय का? संकटात सगळ्यांना देव आठवतो या त्यांच्या दुसऱ्या मुद्द्याचं उत्तरही यातच आलं.

नास्तिकाला नीती नसते, हा तिसरा मुद्दा. त्यांनी तो रागात काढला होता, सोडून देतो.

बरं, ‘देवकृपेने नास्तिक’ यात विसंगती आहेच, हे तरी कशावरून? पाणिनीच्या एका सूत्रातून आस्तिक, नास्तिक आणि दैष्टिक हे तीन शब्द सिद्ध होतात, आणि टीकाकार आस्तिक-नास्तिकाचा संबंध परलोक मानण्या-न मानण्याशी जोडतात. मनुस्मृतीत वेदांची निंदा करणारा तो नास्तिक. सांख्य आणि मीमांसा यांना जगाचा कर्ता ईश्वर लागत नाही, तरी त्यांची गणना आस्तिक दर्शनांत. जैन, बौद्ध मात्र नास्तिकांत. म्हणजे देव मानणारा पण पोथी न मानणारा माणूस जुन्या अर्थानं खुशाल देवकृपेने नास्तिक असू शकतो. काकांनी यावर “शब्दांचा कीस” म्हणून हात झटकले. कीस पाडायला सुरुवात कुणी केली होती?

माझी चीड जुनी आहे. आमच्या गावात एका निवृत्त मास्तरांनी बायको गेल्यावर तेरावं केलं नाही. गाव म्हणालं, दुःखानं डोकं फिरलंय. मास्तर पूर्ण शुद्धीत होते, पारावर बसून शांतपणे कारण सांगत होते. सगळ्यांनी त्यांना चहा पाजला, पण ते म्हणतात ते खरंच त्यांना वाटतं, यावर एकानंही विश्वास ठेवला नाही. सुधारक आगरकरांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढणाऱ्यांनी निदान ते मनापासून बोलतात एवढं तरी मानलं होतं.

मग स्टिकरचा अर्थ काय? मी सेफ्टीत आहे. स्कॅफोल्डवर हिरवा टॅग दिसला की चढू देतो, लाल दिसला की अडवतो. टॅग लावणाऱ्याच्या पोटात काय आहे ते शोधत बसत नाही. ‘नास्तिक’ हा त्या माणसानं स्वतःला लावलेला टॅग आहे, तो मी आहे तसा घेतो. राहिलं ‘देवकृपेने’. आपल्याकडे प्रत्येक गाडीवर कुणाची तरी कृपा असते: आईची, साईंची, कुलस्वामिनीची. त्यानं तोच साचा घेतला, पैसे मोजून रेडियम कापून घेतलं आणि सगळ्यांच्या ओळीत आपली ओळ लावली. मला ते आवडलं. याहून जास्त पुरावा माझ्याकडे नाही.

पण असं लिहिता येणं ही लहान गोष्ट नाही. मार्च २०१४ मध्ये सौदी गृहमंत्रालयानं नास्तिक विचारांचा कोणत्याही स्वरूपातला पुरस्कार दहशतवादाच्या व्याख्येत घातला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये मुंबई उच्च न्यायालयानं सांगितलं की, आपला कोणताच धर्म नाही असं म्हणण्याचा नागरिकाला हक्क आहे आणि सरकार त्याला धर्म सांगायची सक्ती करू शकत नाही. सौदी व्हिसाच्या अर्जात धर्माचा रकाना असतो. माझा एजंटानं मला न विचारताच भरला होता.

आमच्या कॅम्पात एक पोरगा आहे, त्याचाही तसाच भरला गेला. देव नाही, असं त्यानं मला एकदा समुद्रावर फिरताना सांगितलं, आणि मी ते खरं मानलं. रोज पहाटे मेसच्या रांगेत काका त्याला “रामराम” म्हणतात. तोही हात जोडून “रामराम, काका” म्हणतो आणि त्यांचं ताट पुढे करतो.