मावशींच्या कमरेचे माप

आषाढात भोर-वेल्ह्याच्या खाचरांत लावणी सुरू झाली की आवण काढायला आणि रोप लावायला ओळीने वाकलेल्या बायका दिसतात. त्यांत चाळिशी-पन्नाशी उलटलेल्या पुष्कळ असतात. तरणी माणसे खेड शिवापूर, शिरवळच्या कंपन्यांत, नाहीतर पुण्या-मुंबईला. गुडघाभर चिखलात दिवस काढणाऱ्या या बायकांकडे पाहून लठ्ठपणा हा शब्द कुणाच्या मनात येणार नाही. हातपाय काटकुळे, गळ्याची हाडे वर आलेली. फक्त खोचलेल्या पदराखाली पोट तेवढे पुढे असते. विचारले तर उत्तर ठरलेले: "बाळंतपणाचं पोट हाय ते."

शेवटचे बाळंतपण होऊन पंचवीस वर्षे झालेली असतात. तरी घरातल्यांना हे उत्तर पटते, आणि पुष्कळदा दवाखान्यातही पटते. आमची तक्रार नेमकी इथे आहे.

काटकुळ्या अंगातली चरबी ही गोष्ट जगाला पुण्यानेच शिकवली. रास्ता पेठेतल्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ साली पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या गरोदर बायकांचा अभ्यास सुरू केला. त्यांची बाळे सरासरी २.७ किलोची भरली, तर इंग्लंडमधल्या साउदम्प्टनची साडेतीन किलोची. आपली बाळे स्नायूंनी, पोटाच्या घेराने, सगळ्याच मापांत लहान होती; पाठीवरच्या कातडीखालची चरबी मात्र जवळपास इंग्रज बाळांइतकी होती. पुढे २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा शेजारी शेजारी उभा असलेला फोटो छापून आला. उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, म्हणजे बीएमआय, दोघांचा अगदी सारखा, २२.३. अंगातली चरबी युडकिनांच्या ९.१ टक्के, याज्ञिकांच्या २१.२ टक्के. वजनकाटा आपल्या लोकांच्या बाबतीत किती फसवा आहे, हे त्या एका फोटोने दाखवले.

पण फोटोत दोन पुरुष होते. याज्ञिकांच्याच गटाने पुण्याच्या आसपास खेड्यातली, झोपडपट्टीतली आणि मध्यमवर्गीय वस्तीतली साडेचारशेच्या घरातली माणसे तपासून चरबी आणि रक्तातला दाह यांचे नाते शोधले. शहरवासीयांत चरबी जास्त आणि दाहाच्या खुणाही जास्त, असे २००८ साली त्यांनी मांडले. काम मोलाचे आहे. पण तपासलेली ती माणसेही सगळी पुरुषच होती. हा दोष एका पुण्याचा नाही. स्थूलपणातल्या दाहाचे बरेचसे ज्ञान ज्या उंदरांवरून आले, ते बहुतेक नर होते.

चरबी ही नुसती साठवण नव्हे. खाल्लेले उरले की चरबीच्या पेशी दोन प्रकारे ते सामावून घेतात. एक तर नव्या पेशी तयार होतात, नाहीतर जुन्याच फुगत जातात. फुगत गेलेल्या पेशीला प्राणवायू पुरत नाही, ती मरते, आणि मेलेले उचलायला रक्तातून भक्षकपेशी येतात. सूक्ष्मदर्शकाखाली त्या मेलेल्या पेशीभोवती कडे करून बसलेल्या दिसतात. त्यांनी सोडलेली रसायने रक्तात मिसळतात आणि रक्तातली साखर आवरणाऱ्या इन्शुलिनचा प्रभाव बोथट करतात. यांतल्या एका रसायनाचा, टीएनएफ-अल्फाचा, माग स्थूल उंदरांच्या चरबीत लागला तेही १९९३ सालीच. भक्षकपेशींचा वाटा अमेरिकेतल्या दोन गटांनी २००३ साली दाखवला. बाहेरून ताप नाही, दुखणे नाही, आत वर्षानुवर्षे धुमसणारी ही सूज म्हणजेच तो दाह.

हे धुमसणे नरात आणि मादीत सारखे नसते. तेच तुपट खाणे घातले तर नर उंदराच्या पोटातल्या चरबीत भक्षकपेशींची गर्दी होते. मादीही जाड होते, पण तिची चरबी बराच काळ शांत राहते. पाळी चालू असेपर्यंत स्त्रीच्या शरीरात अंडाशयातून येणारे इस्ट्रोजेन चरबीला मांड्या-नितंबांच्या कातडीखाली वळवते. तिथे नव्या पेशी सहज तयार होतात, जुन्या फार फुगत नाहीत. पुरुषाची चरबी आतड्यांभोवती जमते. पुरुषी आणि बायकी ठेवणीच्या लठ्ठपणातला हा भेद मार्सेयच्या झाँ व्हाग या डॉक्टरांनी १९४७ सालीच नोंदवला होता. तेव्हा कारण माहीत नव्हते, आता पुष्कळसे कळले आहे. मादी उंदराचे अंडाशय काढले की तिची चरबीही नराच्या वाटेने जाते.

माणसांत चित्र इतके सरळ नाही. दाहाची खूण म्हणून रक्तात सीआरपी मोजतात. अमेरिकेत डॅलसला झालेल्या मोठ्या अभ्यासात चरबीबरोबर त्याची वाढ पुरुषांपेक्षा स्त्रियांत अधिक दिसली. म्हणजे बाईला निसर्गाने अभय दिले आहे म्हणून निश्चिंत राहावे, असे कुणी समजू नये. मिळालेले संरक्षण मुदतीचे आहे आणि पाळी गेली की ते ओसरते. त्यातून आपल्या बायकांची चरबी मांड्यांपेक्षा पोटावर आधी दिसते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीने पहिल्यांदाच कंबर आणि नितंब यांची मापे घेतली. बीएमआयच्या हिशेबात देशातल्या २४ टक्के बायका जादा वजनाच्या किंवा स्थूल ठरल्या. कंबर-नितंबाच्या प्रमाणावरून धोक्याच्या रेषेपलीकडे गेल्या ५७ टक्के. यांतल्या निम्म्याहून अधिक जणींना वजनकाट्याने लठ्ठ नाही म्हणून घरी पाठवले असते.

आणि ही टेप लावली ती १५ ते ४९ वयाच्या बायकांना. ज्या वयात धोका सुरू होतो त्याच्या उंबरठ्याशी मोजणी थांबते. एकूणच आपल्या आरोग्य खात्याला बाई आठवते ती गरोदर असताना, लसीच्या वेळी आणि ऑपरेशनच्या वेळी. मूल व्हायचे थांबले की ती खात्याच्या वहीतून जवळजवळ पुसली जाते.

पाळी निसर्गाच्या वेळेवर जाते असेही नाही. खेड्यात 'पिशवी काढली' हे वाक्य किती सहज ऐकू येते! बीड जिल्ह्यात २०१९ साली सरकारी समितीने ऊसतोडीला जाणाऱ्या ८२,३०९ बायकांची पाहणी केली, तेव्हा १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. तिथली कारणे वेगळी आहेत आणि त्यांवर पुष्कळ लिहिले गेले आहे. आम्हाला एवढेच विचारायचे आहे की यांपैकी कितीजणींना पुढे रक्तातली साखर तपासायला बोलावले गेले? पिशवीबरोबर अंडाशयही काढले तर शरीराला त्याच दिवशी पन्नाशी येते. अंडाशय ठेवले तरी पाळीनंतरचा काळ लवकर सुरू होण्याचा संभव असतो. पस्तिशीच्या बाईला हे समजावून सांगण्याची जबाबदारी पिशवी काढणाऱ्याची आहे आणि ती पार पाडली जात नाही.

साधन नाही ही सबब चालणार नाही. तिशीपुढच्या प्रत्येकासाठी आशाताई जो सरकारी तपासणी अर्ज भरतात, त्यात कमरेचे माप आहे. बाईला ८० सेंटिमीटरपर्यंत शून्य गुण, ९० पर्यंत एक, त्यापुढे दोन. पुरुषाच्या पायऱ्या दहा-दहा सेंटिमीटरने वर, ९० आणि १००. म्हणजे बाईची आणि पुरुषाची चरबी वेगळी मोजावी लागते, हे सरकारच्या कागदाला कधीचे ठाऊक आहे. कागदाला जे कळते ते मावशींना कुणी सांगत नाही. आकडा लिहिला जातो, गुणांची बेरीज होते, अर्ज उपकेंद्राला जातो. "मावशी, तुमची कंबर ८६ भरली, ८० च्या आत हवी, तेव्हा साखर आणि बीपी तपासून घेऊ" हे एक वाक्य राहून जाते. आशाताईंवर आधीच कामांचा डोंगर आहे, मानधन तुटपुंजे आहे. त्यांना बोल लावण्यात अर्थ नाही. हे वाक्य उच्चारायला पाच मिनिटे मिळतील आणि त्या पाच मिनिटांचा मोबदला मिळेल, ही व्यवस्था तालुक्याने आणि जिल्ह्याने करायची आहे.

त्या अर्जात आणखी दोन ओळी हव्यात: पाळी कोणत्या वर्षी गेली, आणि पिशवी काढली असेल तर अंडाशय ठेवले की काढले. पुण्याच्या प्रयोगशाळांनी पुढचा अभ्यास आखताना भोर-वेल्ह्याच्या डोंगरगावांतल्या पन्नाशीपुढच्या बायकांना त्यात घ्यावे. अजूनही दिवसभर हाताने काम करणाऱ्या, तरीही पोट सुटलेल्या या बायकांच्या चरबीत काय चालले आहे, हे कुठल्याही उंदरावरून कळणार नाही.

लावणी उरकली की श्रावणात बायकांना थोडी उसंत मिळते. पंचमीला, मंगळागौरीला गावोगावी त्या एकत्र जमतात. उपकेंद्राने साखर तपासायचे यंत्र आणि टेप घेऊन त्या दिवसांत गावात यावे, आणि माप घेताना आधी सर्वांत म्हाताऱ्या बाईला पुढे बोलवावे.