दुधातले पाणी आणि पेंडीतली बुरशी

परवा एक आई लेकराला घेऊन दवाखान्यात आली. तपासून झाल्यावर हळूच म्हणाली, "डॉक्टरसाहेब, दुधात युरिया घालतात म्हणे. पोराचं दूध बंद करू का?" हा प्रश्न मला वारंवार ऐकावा लागतो. माझे उत्तर ठरलेले आहे. दूध बंद करू नका. मात्र आपली भीती थोडी चुकीच्या जागी आहे.

भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने २०१८ साली देशभरातील दुधाचे ६,४३२ नमुने तपासले. भेसळीमुळे असुरक्षित ठरलेले नमुने निघाले अवघे १२. पण ३६८ नमुन्यांत, म्हणजे शेकडा ५.७ नमुन्यांत, 'अफ्लाटॉक्सिन एम-१' हे विष मर्यादेपेक्षा जास्त सापडले.

हे विष दुधात कोणी मुद्दाम घालत नाही. शेंगदाणा, सरकी, मका नीट वाळला नाही की त्याला बुरशी धरते. बुरशीचे विष पेंडीत उतरते, पेंड म्हशीच्या पोटात जाते, आणि त्यातला काही अंश रूप बदलून दुधात येतो. दूध उकळल्याने तो नाहीसा होत नाही.

या विषाचा शोधही पेंडीतूनच लागला. १९६० साली इंग्लंडमध्ये सुमारे एक लाख टर्की पक्षी मेले. त्यांच्या खाद्यात ब्राझीलहून आलेली भुईमुगाची पेंड होती. आपल्याकडे १९७४ साली बांसवाडा आणि पंचमहाल भागात बुरशीचा मका खाऊन लोकांना कावीळ झाली व शंभरावर माणसे दगावली. दुधातले प्रमाण इतके कधीच नसते, म्हणून घाबरून जाऊ नये. पण थोडे थोडे विष वर्षानुवर्षे पोटात गेले तर यकृताच्या कर्करोगाचा धोका वाढतो. आणि घरात सर्वांत जास्त दूध पिते ते लहान मूलच.

पूर्वी शेतीचे संशोधन म्हणजे एकरी उतारा किती, एवढाच विचार असे. आता संशोधक शेतापासून ताटापर्यंतची सगळी साखळी तपासतात. माल कुठे भिजला, कोणत्या गोदामात किती दिवस पडला, हे पाहतात. निर्यातीच्या शेंगदाण्याची अफ्लाटॉक्सिनसाठी तपासणी होते, कारण परदेशी गिऱ्हाईक माल परत पाठवते. आपल्या गावच्या पेंडीचे पोते कोण परत पाठवणार?

माझे स्पष्ट मत असे की, दूध संकलन केंद्रावर फॅट आणि एसएनएफ रोज पाहतात, तशी पेंडीची आणि दुधाची या विषासाठी अधूनमधून तपासणी झालीच पाहिजे. पट्टीवर होणारी झटपट चाचणी आज उपलब्ध आहे. तिचा खर्च एकट्या शेतकऱ्यावर टाकू नये, संघाने उचलावा.

तोपर्यंत आपल्या हाती आहे तेवढे करू. पेंडीची पोती जमिनीवर न ठेवता फळ्यांवर, भिंतीपासून दूर ठेवा. "माणसाला नको, जनावराला चालेल" म्हणून बुरशीचा मका किंवा ढेप गोठ्यात टाकू नका. घरातला काळपट, सुरकुतलेला, कडवट शेंगदाणा कुटात घालू नका. भाजल्याने ते विष पूर्ण जात नाही.

जनावराच्या गव्हाणीत जे पडते, ते उद्या पोराच्या पेल्यात येते. एवढे लक्षात ठेवले तरी पुरे.