गाडी बंद, तरी फॅन सुरूच? आधी रिले तपासा, मोटर नंतर

गाडी पार्क करून चावी काढली, तरी बॉनेटखालचा रेडिएटर फॅन फिरतोच. काही मिनिटांत तो थांबला तर काळजी नको. तापलेले इंजिन थंड करण्यासाठी अनेक गाड्यांमध्ये तशी सोय असते. एसी लावल्यावर फॅन फिरणेही नेहमीचेच.

बिघाड कधी समजायचा?
रात्रभर उभी असलेली, थंड गाडी; एसी बंद. तरीही फॅन फिरत असेल तर बिघाड आहे. तो बहुतेक वेळा फॅनमध्ये नसतो, त्याला आदेश देणाऱ्या साखळीत असतो.

रिले : गाडी बंद ठेवून फ्यूज बॉक्समधला फॅनचा रिले काढा. तरीही फॅन फिरत राहिला, तर दोष वायरिंगमध्ये किंवा फॅनच्या कंट्रोल मॉड्यूलमध्ये शोधावा लागेल. थांबला, तर त्याच नंबरचा दुसरा रिले लावा. आता फॅन बंद राहिला, तर जुन्या रिलेचे पॉइंट चिकटले होते.

सेन्सर : रिले बदलूनही फरक नाही? मेकॅनिककडून स्कॅनर लावून घ्या. थंड इंजिनात कूलंटचे तापमान बाहेरच्या हवेइतकेच दिसायला हवे. उणे 40 अंश दिसले, तर सेन्सरची वायर तुटली असावी किंवा प्लग निघाला असावा. खरे तापमान कळत नसेल, तर इंजिन तापण्याचा धोका नको म्हणून ईसीयू फॅन सुरूच ठेवतो.

हे टाळा
फॅनचा प्लग काढून गाडी चालवू नका. ट्रॅफिकमध्ये इंजिन तापून हेड गॅस्केट उडू शकते. दुर्लक्षही नको, चावी काढल्यावर फिरत राहणारा फॅन रातोरात बॅटरी डाउन करतो.