खोलण्याआधी पाहावे

मांजरसुंब्याच्या घाटात जुन्या डिझेल जीपला धाप लागली, की बरोबरचा कुणीतरी निकाल देतो, ‘इंजिन गेले, खोलावे लागेल.’ मुरलेला मिस्त्री आधी धूर पाहतो. काळा असेल तर बहुधा हवा कमी पडते. एअर फिल्टर आपल्या फुफाट्याने गच्च भरलेला असतो. निळा असेल तर ऑइल जळते आहे. गाडी आचके देत बंद पडली, तर डिझेलच्या नळीत हवा शिरली असावी. फिल्टरवरचा स्क्रू सैल करायचा, हातपंप मारायचा, बुडबुडे थांबून निखळ डिझेल आले की आवळायचा. खर्च काही नाही.

बँकेतही मी हेच शिकलो. थकलेल्या कर्जाची नोटीस काढण्याआधी विहिरीत डोकावावे. पाणीच आटले असेल, तर खातेदाराला दम देऊन काय उपयोग?

१ एप्रिल २०२३ पासून १५ वर्षांवरच्या सरकारी गाड्यांची नोंदणी रद्द होऊ लागली. त्या खुशाल भंगारात जाव्यात. मिस्त्रीची नजर तेवढी जाऊ नये. कारण ‘बीड मागासच’ हा निकालही धूर न पाहताच दिला जातो आणि दरवर्षी ऊसतोडीला निघालेल्या गाड्यांमागे आपण नुसते पाहत राहतो.