पिचिंग पुरे, आता टर्म शीट वाचायला शिकवा

महाराष्ट्रातल्या बहुतेक मोठ्या महाविद्यालयांत आता ‘ई-सेल’ म्हणजे उद्योजकता कक्ष असतो, वर्षातून एकदा पिचिंगची स्पर्धा होते आणि पहिल्या आलेल्या चमूला पुठ्ठ्याचा भलामोठा धनादेश हातात धरून फोटो काढता येतो. जानेवारी 2016 मध्ये केंद्राने ‘स्टार्टअप इंडिया’ सुरू केल्यापासून हे चित्र रुळले. मान्यताप्राप्त स्टार्टअपची देशातली संख्या लाखाच्या पुढे कधीच गेली आणि त्यात महाराष्ट्र पहिला आहे. विद्यार्थ्यांना या जगाची ओळख करून द्यावी, याबद्दल आता फारसा वाद उरलेला नाही. वाद घालायचा तर तो आपण ओळख कशाची करून देतो यावर घालावा. सध्याची ओळख जवळजवळ सगळी संस्थापक होण्याच्या स्वप्नाची आहे. पैसा कुणाचा असतो, टर्म शीटमध्ये लिहिलेल्या कोणत्या अटींवर येतो, परत कसा जातो आणि यात नोकरी करणाऱ्याच्या हाती काय उरते, याला कार्यक्रमपत्रिकेत जागा नसते. विद्यापीठाने शिकवायचा भाग नेमका हाच आहे, असे माझे म्हणणे आहे.

व्हेंचर कॅपिटलचे, म्हणजे स्टार्टअपमध्ये पैसा घालणाऱ्या फंडांचे, गणित बारावीच्या मुलालाही कळेल इतके सोपे आहे, पण ते कुणी फळ्यावर मांडत नाही. समजा, 500 कोटींचा एक फंड आहे. हा पैसा फंड चालवणाऱ्यांचा नसतो, दुसऱ्यांचा असतो. सेबीच्या नियमांप्रमाणे अशा फंडात सर्वसाधारणपणे किमान एक कोटी रुपये घातल्याशिवाय प्रवेश नाही. फंडाचे आयुष्य साधारण दहा वर्षांचे. रूढ रचनेत चालवणाऱ्यांना दरवर्षी सुमारे 2 टक्के शुल्क आणि अखेरच्या नफ्यातला 20 टक्के वाटा मिळतो. फंडाने पंचवीस-तीस कंपन्यांत पैसे घातले, तर त्यातल्या बऱ्याच बुडणार हे त्याने गृहीतच धरलेले असते. अमेरिकेतल्या 2004 ते 2013 या काळातल्या हजारो गुंतवणुकींचा कोरिलेशन व्हेंचर्स या फंडाने हिशेब मांडला, तेव्हा सुमारे 65 टक्के व्यवहारांत घातलेली रक्कमही पुरती परत आली नव्हती. दहापट किंवा त्याहून जास्त मिळवून देणारे व्यवहार होते फक्त 4 टक्के. या धंद्याची सुरुवातही तशीच झाली. हार्वर्डचे प्राध्यापक जॉर्ज डोरिओ यांच्या संस्थेने 1957 मध्ये डिजिटल इक्विपमेंट या संगणक कंपनीत 70 हजार डॉलर घातले, ते पुढे शेकडो पटींनी वाढले आणि त्या एका गुंतवणुकीने बाकीच्यांचे अपयश झाकले.

याचा परिणाम काय होतो ते पाहा. कंपनी विकली जाईपर्यंत फंडाचा वाटा 15 टक्क्यांवर आला असे धरू. मग त्या एका कंपनीतून फंडाची 500 कोटींची मूळ रक्कम सुटायची असेल, तर कंपनीचे मोल 3,300 कोटींच्या पुढे जायला हवे. आता कोल्हापूरच्या एखाद्या मुलीने सुरू करायचा ठरवलेला, पुढे वर्षाला तीन कोटींचा निखळ नफा देऊ शकणारा यंत्रांच्या सुट्या भागांचा कारखाना घ्या. धंदा म्हणून तो उत्तम आहे, पण फंडाच्या दृष्टीने निरुपयोगी. परीक्षकाच्या खुर्चीवरचा गुंतवणूकदार तिला ‘मार्केट लहान आहे’ म्हणतो तेव्हा तो त्याच्या फंडाच्या गणितापुरते बोलत असतो. हे तिला आधी कुणी सांगितले नसेल, तर आपली कल्पनाच टाकाऊ आहे असे समजून ती घरी जाते. तिला खरे तर बँकेच्या दारात जायला हवे, मुद्रा किंवा मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमाचा अर्ज भरायला हवा, ग्राहकाकडून आगाऊ रक्कम मागायला हवी. किर्लोस्करवाडी 1910 मध्ये उभी राहिली ती औंधच्या पंतप्रतिनिधींनी दिलेल्या जमिनीवर आणि बिनव्याजी कर्जावर. दहा वर्षांत सगळे विकून बाहेर पडण्याची अट तिथे कुणी घातली नव्हती. आपल्या काळात झोहो आणि झिरोधा या कंपन्या फंडांचा पैसा न घेताच मोठ्या झाल्या. कोणते भांडवल कोणत्या धंद्याला सोसते, हे ओळखता येणे हा व्हेंचर कॅपिटलच्या शिक्षणाचा पहिला धडा असायला हवा.

दुसरी गोष्ट वयाची. विशी-बाविशीतला संस्थापक हा आपल्या डोक्यात पक्का बसलेला नमुना आहे. अमेरिकेच्या जनगणना खात्याच्या नोंदी वापरून पिएर आझुले, बेंजामिन जोन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या अभ्यासात मात्र सर्वांत वेगाने वाढलेल्या नव्या कंपन्यांच्या संस्थापकांचे सुरुवातीचे सरासरी वय 45 निघाले. त्याच क्षेत्रात आधी काम केलेल्यांना यशाची शक्यता स्पष्टपणे जास्त होती. म्हणजे पदवी घेऊन बाहेर पडणाऱ्यांतले बहुतेक जण लगेच संस्थापक होणार नाहीत, आणि झालेच तर वीस वर्षांनी होतील. तोवर ते स्टार्टअपमध्ये नोकरी करतील, स्टार्टअपला माल किंवा सेवा पुरवतील, त्यांचे लेखापरीक्षण करतील, करारनामे लिहितील. फंडांतल्या नोकऱ्या तर मोजक्याच. 500 कोटींच्या फंडाचे वर्षाचे शुल्क दहा कोटी. त्यात पगार, कार्यालय, प्रवास, वकील सगळे भागवायचे. अशा ठिकाणी दहा-पंधरा माणसांपलीकडे कुणाला जागा असणार? पण त्या फंडाभोवती कंपनी सेक्रेटरी, सनदी लेखापाल, करार जाणणारे वकील, ड्यू डिलिजन्स म्हणजे गुंतवणुकीआधीची छाननी करणारे, फंडाचे हिशेब ठेवणारे असे बरेच काम असते. आपल्या वाणिज्य आणि विधी महाविद्यालयांतल्या मुलामुलींना ते जमण्यासारखे आहे, आणि स्टार्टअपच्या कार्यक्रमांना त्यांनाच कुणी बोलावत नाही. सगळा मांडव अभियांत्रिकीचा.

ज्याची गरज सर्वाधिक पडणार, त्या नोकरीच्या पत्राकडे येऊ. पगार थोडा कमी, पण ईसॉप म्हणजे पुढे शेअर घेण्याचा हक्क, असा प्रस्ताव पुण्या-बंगळुरात रोजचा आहे. समजा, कंपनीने आजवर 100 कोटी उभारले, त्या बदल्यात गुंतवणूकदारांकडे 40 टक्के शेअर आहेत आणि शेवटच्या फेरीत कंपनीचे मूल्यांकन 400 कोटी झाले. एका कर्मचाऱ्याच्या वाट्याला 0.1 टक्का आले, म्हणजे कागदावर 40 लाख. घरी पेढे वाटले जातात. दोन वर्षांनी बाजार थंडावतो आणि कंपनी 120 कोटींना विकली जाते. साधा हिशेब 12 लाखांचा वाटतो. पण गुंतवणूकदारांचे शेअर प्रेफरन्स प्रकारचे असतात आणि करारात ‘आधी आमची रक्कम’ असे कलम असते. 40 टक्के वाटा घेतला तर त्यांना 48 कोटी मिळतात, कलम वापरले तर 100 कोटी. ते कलमच वापरणार. उरलेले 20 कोटी बाकीच्या 60 टक्क्यांत वाटायचे, म्हणजे आपल्या कर्मचाऱ्याला मिळतात सुमारे 3 लाख 33 हजार. त्यातून शेअर घेण्याची किंमत वजा, कर वजा. कंपनी 100 कोटींना किंवा त्याखाली विकली गेली असती, तर शून्य. यात कुणी कुणाला फसवलेले नाही. सगळे कागदावर लिहिलेले होते. तो कागद वाचायचा असतो हे मात्र त्याला चार वर्षांच्या पदवीत कुणी सांगितले नव्हते. हक्क पदरात पडायला कायद्याने किमान एक वर्ष थांबावे लागते, आणि शेअर घेतले की विकण्याआधीच त्यावर पगारासारखा कर लागू होतो (काही पात्र स्टार्टअपना तो पुढे ढकलण्याची सवलत 2020 पासून आहे), हेही बहुतेकांना नोकरीत गेल्यावरच कळते.

अशा हिशेबांनी पोरांचा उत्साह मारला जाईल, हा आक्षेप ठरलेला आहे. वीस वर्षांच्या मुलाला धोके मोजता येत नाहीत म्हणूनच तो उडी मारतो, आणि अशा हजार उड्यांतून एखादी मोठी कंपनी निघते, असे म्हणणारे आहेत. या युक्तिवादात तथ्य आहे, पण ते फंडाच्या बाजूचे. हजारांतल्या एकावर ज्याची भरपाई होते, त्याला बाकीच्या 999 जणांची चिंता नसते. विद्यापीठाचे नाते सगळ्या हजारांशी आहे. शिवाय उत्साह माहितीने मरतो हे मला पटत नाही. आयडियाफोर्ज ही ड्रोन बनवणारी कंपनी आयआयटी मुंबईच्या पदवीधरांनी 2007 मध्ये सुरू केली, तिथल्याच ‘साइन’ या इनक्युबेटरने तिला आधार दिला, आणि ती शेअर बाजारात आली 2023 मध्ये. सोळा वर्षे. इश्यूची किंमत 672 रुपये होती, पहिल्या दिवशी भाव जवळपास दुप्पट उघडला आणि पुढे तोच शेअर इश्यूच्या किमतीखालीही गेला. ही खरी गोष्ट पुठ्ठ्याच्या धनादेशापेक्षा कितीतरी रोमहर्षक आहे.

गेट्स आणि झुकेरबर्ग शिक्षण सोडूनच मोठे झाले, असाही दाखला दिला जातो. ते सोडून आले हार्वर्ड. परतीचा दरवाजा उघडा होता आणि घरची स्थिती भक्कम होती. आपल्याकडे 2019 च्या राष्ट्रीय नवोन्मेष व स्टार्टअप धोरणाने विद्यार्थ्याला स्टार्टअपसाठी शिक्षणात खंड घेण्याची आणि हजेरी कमी असली तरी परीक्षेला बसण्याची मुभा देण्याची शिफारस केली. ती चांगलीच आहे. पण हजेरीत सूट द्यायची आणि त्या सवलतीत तो ज्या करारावर सही करणार आहे तो वाचायला शिकवायचे नाही, हे अर्धवट औदार्य झाले.

खरा अडसर शिक्षकांचा आहे. ज्यांनी टर्म शीट कधी पाहिलेली नाही त्यांनी ती शिकवायची कशी, हा प्रश्न रास्त आहे आणि तालुक्याच्या महाविद्यालयात तो अधिकच बोचतो. तिथे फंडवाले पाहुणे यायचेही नाहीत. पण पाठ्यपुस्तक फुकट पडून आहे. शेअर बाजारात येणारी प्रत्येक कंपनी सेबीकडे माहितीपत्रक सादर करते, आणि ते संकेतस्थळावर कुणालाही वाचता येते. पुण्याच्या फर्स्टक्रायची मालक कंपनी ऑगस्ट 2024 मध्ये बाजारात आली, तीही तोट्यात असताना. तिच्या माहितीपत्रकातले भांडवल रचनेचे प्रकरण उघडा: कोणत्या तारखेला, कुणाला, किती शेअर, कोणत्या भावाने दिले, हे ओळीने दिलेले आहे. जोखमींचे प्रकरण तर कंपनीनेच स्वतःविरुद्ध लिहिलेले असते. ज्याला ताळेबंद कळतो असा वाणिज्य शाखेचा कोणताही शिक्षक आणि करार कायदा शिकवणारा वकील मिळून यावर एक सत्र सहज चालवू शकतील.

स्टार्टअपच्या पैशाशी नागरिक म्हणूनही आपला संबंध आहे. केंद्राने 2016 मध्ये सिडबीमार्फत 10 हजार कोटींचा ‘फंड ऑफ फंड्स’ उभारला, 2025 च्या अर्थसंकल्पात आणखी 10 हजार कोटी जाहीर केले. हा पैसा खासगी फंडांतून स्टार्टअपकडे जातो, आणि तो करदात्यांचा आहे.

नव्या शैक्षणिक धोरणानुसार विद्यापीठांची अभ्यास मंडळे सध्या खुल्या ऐच्छिक विषयांच्या याद्या करत आहेत. त्यात दोन श्रेयांकांचा, कला शाखेपासून अभियांत्रिकीपर्यंत सगळ्यांना घेता येईल असा एक विषय बसवावा: एक माहितीपत्रक, एक नमुना टर्म शीट, एक ईसॉपचे पत्र, आणि परीक्षेत त्यावरचा हिशेब. पिचिंगच्या स्पर्धा खुशाल चालू द्या, पण परीक्षकांना पुढच्या वर्षीपासून एक प्रश्न सक्तीचा करा: या धंद्याला फंडाचा पैसा हवाच कशाला?