चीर भरली म्हणून मूळ स्वरूप गेले?

ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत दुरुस्ती झाली आणि वीस वर्षांवरच्या मोटारीच्या नोंदणी नूतनीकरणाचे शुल्क ५,००० रुपयांवरून थेट १०,००० रुपयांवर गेले. तेव्हापासून जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांतल्या नारायणगाव, ओतूर, मंचर, घोडेगाव भागातून येणाऱ्या पत्रांचा सूर बदलला आहे. एरवी पत्रे यायची ती कार्बोरेटरच्या जेटची, मास्टर सिलिंडरच्या किटची. आता गिऱ्हाईक गॅरेजात येऊन विचारते, "एवढे भरायचेच, तर गाडी व्हिंटेजमध्येच का घालू नये?" प्रश्न रास्त आहे. १९७४ पासून पद्मिनी या नावाने निघालेल्या सुरुवातीच्या गाड्यांना आता कुठे ५० वर्षे पूर्ण होत आहेत. कांद्याच्या बराखीत, पोल्ट्रीच्या जुन्या शेडमध्ये वर्षानुवर्षे ताडपत्रीखाली पडलेल्या गाड्या टोचन करून गॅरेजात येऊ लागल्या आहेत. इंजिन उघडता येते, पत्रा ठोकता येतो. गाडे अडते ते डॅशबोर्डवर.

तक्रार अशी. एका वाचकाने तडकलेला डॅश मनापासून दुरुस्त केला, गाडी आरटीओत तपासणीला नेली. साहेबांनी डॅशवर बोट फिरवले आणि म्हणाले, हा कंपनीचा दिसत नाही, मूळ स्वरूप राहिलेले नाही. दुसऱ्या वाचकाने शहाणपणा करून डॅशला हातच लावला नाही. त्याला दुसऱ्या कार्यालयात ऐकावे लागले की गाडी नीट राखलेली नाही, आधी आतले काम करून आणा. म्हणजे चीर भरली तर बदल आणि ठेवली तर हेळसांड. गिऱ्हाइकाने नेमके काय करावे हे सांगणारा कागद दोन्ही ठिकाणी कोणाकडे नव्हता.

कागद आहे, पण तो अर्धा आहे. जुलै २०२१ च्या अधिसूचनेनुसार पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांवरची, मूळ स्वरूपात राखलेली, मोठे फेरफार न झालेली गाडी व्हिंटेज ठरते. मोठे फेरफार म्हणताना त्यात चॅसिस, बॉडी शेल आणि इंजिन यांची नावे घेतली आहेत. डॅशबोर्डचे नाव नाही. मग आतल्या सामानाचे 'मूळ स्वरूप' ठरवायचे कोणी? ज्याच्या हातात त्या दिवशी फाइल असेल त्याने. पन्नास वर्षांपूर्वीचे टायर आणि बॅटरी घालून गाडी आणा, असे म्हणणारा साहेब अजून कोणाला भेटलेला नाही. झिजणारी वस्तू बदलायची असते हे टायरच्या बाबतीत सर्वांना पटते. डॅशचे पॅड हीसुद्धा झिजणारीच वस्तू आहे, हे मात्र कोणी मानायला तयार नाही.

ती का झिजते हे आपल्याला नव्याने सांगायला नको. पीव्हीसीच्या कातडीला मऊ ठेवणारे द्रव्य उन्हाने हळूहळू उडून जाते. काचेच्या आतल्या बाजूला बसणारा चिकट धुरकट थर त्याचाच. उन्हात उभ्या गाडीचा डॅश सत्तर अंशांच्या घरात तापतो. कातडी आकसते आणि जिथे ताण जास्त तिथे, म्हणजे स्पीकरच्या जाळीशी किंवा डिमिस्टरच्या फटीच्या कोपऱ्यात, फाटते. लोणी-धामणीकडच्या कोरड्या उन्हात हे होते, आणि घाटघर-भीमाशंकरच्या बाजूला दमटपणाने खालचा फोम भुगा होतो. उरलेसुरले बराखीतले उंदीर पाहतात. या दोन तालुक्यांत ५० वर्षांनीही अखंड राहिलेला डॅश दिसला, तर ती गाडी फारशी रस्त्यावर आलीच नाही असे समजावे. मग असा अखंडपणा ही पात्रतेची कसोटी कशी ठरते?

मधल्या वयाच्या गाड्यांची तऱ्हा आणखी न्यारी. १९८५ ची ११८ एनई किंवा त्याच सुमाराची कॉन्टेसा घ्या. डॅश तडकण्याच्या सर्वाधिक तक्रारी याच गाड्यांच्या. त्यांना व्हिंटेज व्हायला २०३५ उजाडेल. तोवर दर पाच वर्षांनी १०,००० रुपये, म्हणजे दहा वर्षांचे २०,०००. व्हिंटेज नोंदणीलाही २०,००० लागतात, पण ती दहा वर्षे चालते आणि पुढच्या वेळी ५,००० रुपयांत भागते. चाळीस वर्षांची गाडी सांभाळणाऱ्याने दंड भरायचा आणि पन्नाशी गाठली की कौतुक करून घ्यायचे, असा हा हिशेब. जुन्या वाहनांचा जागतिक महासंघ फिवा तीस वर्षांच्या गाडीला ऐतिहासिक म्हणतो. त्यांची ट्युरिन सनद जतन, दुरुस्ती आणि पुनर्बांधणी यांत फरक करते आणि प्रत्येक कामाची नोंद ठेवायला सांगते. आपल्याकडे हा फरक नियमात नाही, आणि गॅरेजातही नाही.

कारण साहेबांना बोट ठेवायला जागा आपल्यातल्याच काहींनी करून दिली आहे. चिरेत पत्र्याची पॉलिएस्टर पुटी भरायची, वरून चकचकीत काळा रंग मारायचा आणि गाडी शिवनेरीच्या पायथ्याशी एक उन्हाळी दुपार उभी राहिली की पुटीच्या दोन्ही कडांनी नवी चीर. पुटी ताठ, कातडी लवचिक. दोघींचे जमणार कसे? दुसरा प्रकार कुशनवाल्याचा. पद्मिनीच्या डॅशवर तपकिरी रेक्झिन, त्यावर पांढरी शिलाई, आणि बिलावर मोठ्या अक्षरांत 'ओरिजिनल फिनिश'. साध्या सोल्युशनने चिकटवलेले ते रेक्झिन मे महिन्यात फुगून वर येते. असे काम पाहून एखाद्या निरीक्षकाने मूळ स्वरूप नाही म्हटले, तर त्याला दोष देता येणार नाही.

काम कसे व्हावे यावर खरे तर वाद नाही. उचललेल्या कडा कापून काढाव्यात, चीर इंग्रजी 'व्ही'सारखी उघडावी, ताठ नव्हे तर लवचिक युरेथेन भरावे, तेही एका दमात नाही, पातळ थरांनी. कातडीवरच्या दाण्यासाठी ग्लोव्ह बॉक्सच्या झाकणासारख्या, उन्हाने न बिघडलेल्या जागेचा सिलिकॉनमध्ये ठसा घ्यावा. रंग मॅटच हवा, नाहीतर रात्री समोरच्या काचेत डॅशच दिसतो. कातडी पूर्ण गेली असेल तर नवी चढवावी, पण मूळ दाण्याची आणि मूळ रंगाची, आणि उष्णता सोसणाऱ्या चिकटद्रव्याने. वेळ लागतो, गिऱ्हाईक कुरकुरते. कुरकुरू द्यावे.

आता मुद्द्याचे. परिवहन आयुक्तांकडे आपली एकच मागणी असावी: आतल्या सामानापैकी कोणत्या वस्तू झिजणाऱ्या, आणि त्यांची मूळ नमुन्याप्रमाणे दुरुस्ती म्हणजे फेरफार नव्हे, हे सांगणारे एक पानी परिपत्रक काढा. सर्व कार्यालयांना एकच. मागणीला वजन यायचे तर आपल्या हातात पुरावा हवा. आजपासून प्रत्येक डॅशचे काम हाती घेण्याआधी, अर्ध्यावर आणि संपल्यावर फोटो काढा. कोणते द्रव्य, कोणता रंग, किती भाग नवा, हे गॅरेजच्या लेटरहेडवर लिहून सही-शिक्क्यानिशी गिऱ्हाइकाला द्या. काढलेला तुकडा फेकू नका, पिशवीत घालून गाडीच्या कागदांसोबत ठेवा. आणि गिऱ्हाइकाला आधीच स्पष्ट सांगा की व्हिंटेज नोंदणीनंतर गाडी वरातीला भाड्याने लावता येणार नाही. प्रदर्शन, तांत्रिक संशोधन, रॅली, पेट्रोल आणि दुरुस्ती एवढीच तिला मुभा. हे न सांगता फाइल करून देणारे नंतर शिव्या खातात आणि सगळ्या धंद्याचे नाव जाते.

पद्मिनीच्या पॅडचा साचा प्रत्येकाने वेगळा पाडण्यात अर्थ नाही. ज्याच्याकडे न तडकलेले पॅड आहे त्याने ते मापाला द्यावे, खर्च वाटून घ्यावा, साचा मंचर किंवा नारायणगावात कोणाकडेही राहो. दोन्ही तालुक्यांतल्या गॅरेजांनी, कुशनवाल्यांनी, डेंटर-पेंटरांनी परिपत्रकाच्या मागणीवर सह्या कराव्यात. ज्यांच्याकडे अजून डॅशवर पुटी चढते, त्यांनी आधी तो डबा बंद करावा आणि मग सहीला यावे.